इल्स्टनच्या बॅप्टिस्ट मंडळीची वही

(१)

बॅप्टिस्ट पंथाचें नांव महाराष्ट्रीय वाचकांस सर्वस्वीं परकें नाहीं. बंगालमधील सेरामपूर येथून इ. स. १८०५ मध्यें विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण व १८१० मध्यें त्यांचा मराठी कोश प्रसिद्ध झाला. ते केरी व त्यांचे सहकारी याच पंथाचे धर्मोपदेशक होते, आणि या कामीं त्यांस वैजनाथ पंडितांचें साहाय्य होतें, हें आमच्या वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. परंतु या पंथाचें मूळ मोठ्या संस्थांत किंवा छापखान्यांत शोधूं जाणें व्यर्थ होय. तें लहान लहान मंडळ्यांत आहे. अजाण बालकास दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, समजत्या वयांत जो स्वमुखानें आपला विश्वास प्रकट करील त्यासच तो द्यावा, आणि अशा विश्वासी जनांच्या प्रत्येक मंडळीनें आपला कारभार आपणच पाहावा, हा या पंथाचा मुख्य सिद्धांत. वर बिशप नाहीं, त्यामुळें बिशपाचें दप्तरही नाहीं. कोण मंडळींत आला, कोणास पत्र लिहिलें, कोणत्या वादाचा काय निर्णय झाला, हें मंडळीनेंच आपल्या वहींत टिपून ठेवावयाचें. ती वही गेली कीं मंडळीचा इतिहासही बहुतांशीं गेला, असें समजावें.

अशीच एक वही आम्हीं येथें परीक्षणास घेतली आहे. वेल्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉवर नांवाचें द्वीपकल्प आहे. त्यांतील इल्स्टन या खेड्यांत १६४९ मध्यें स्थापन झालेल्या मंडळीची ही वही. मूळ वही आज अमेरिकेंत प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. तिची संहिता बी. जी. ओवेन्स यांनीं लावून संपादिली व वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें ती ॲबरिस्टविथ येथें १९९६ मध्यें प्रसिद्ध केली. १६६३ च्या सुमारास स्वदेश सोडून गेलेली वही अशा संपादित रूपानें स्वदेशीं परत येण्यास सुमारें ३३३ वर्षें लागलीं. या मधल्या काळांत तिच्या जन्मभूमींत काय घडलें तें पाहणें हा या लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, वही जेथून गेली तेथें आख्यायिका वाढली. आणि हस्तलिखितें जमविणाऱ्या आम्हां सर्वांस यांत एक बोध आहे.

(२)

प्रथम निश्चित काय ठरतें तें सांगतों. मंडळीचे संस्थापक जॉन माइल्स. यांचा जन्म १६२१ च्या सुमारास, वेल्सच्या सरहद्दीस लागून असलेल्या हेरफर्डशर परगण्यांत झाला. शिक्षण ऑक्सफर्ड येथें. १६४९ मध्यें ते व टॉमस प्राउड असे दोघे लंडनला गेले. तेथें ब्रॉड स्ट्रीटवर 'ग्लासहाउस' म्हणजे काचकारखाना या नांवानें ओळखली जाणारी एक बॅप्टिस्ट मंडळी होती. तिच्याशीं त्यांचा संबंध जडला, आणि तिनेंच त्यांस वेल्समध्यें कार्य करण्यास परत धाडलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरच्या आरंभीं इल्स्टन येथें मंडळीचा पाया घातला गेला. पहिले बाप्तिस्मे दोन स्त्रियांचे झाले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १६६० पर्यंत या मंडळीच्या सभासदांची संख्या २६१ झाली.

येथें तिथीविषयीं एक सूचना करणें अवश्य आहे. इंग्लंड व वेल्समध्यें १७५२ पूर्वीं वर्षारंभ २५ मार्च रोजीं होत असे. आणि महिन्यांचीं रोमन दैवतांवरून पडलेलीं नांवें ज्या धर्मनिष्ठांस खपत नसत, ते मार्च हा पहिला महिना धरून पुढील महिन्यांस केवळ क्रमांक देत. त्यांचा 'आठवा महिना' म्हणजे आपला ऑक्टोबर. तो ऑगस्ट समजणारा वाचक दोन महिन्यांनीं चुकेल. आणि जानेवारी-फेब्रुवारींतील पत्रांचा सन जसाच्या तसा उतरून घेणारा एका वर्षानें चुकेल. शक, फसली व सुहूर सन यांचा मेळ घालतां घालतां ज्यांची दृष्टि तयार झाली आहे अशा आमच्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं.

मंडळी इल्स्टनच्या नांवाची खरी. पण तिचे सभासद गॉवरभर व गॉवरच्या बाहेरही पसरलेले होते. पुढील तीन वर्षांत हे-ऑन-वाय, लानहारन, कार्मार्दन व ॲबरगॅवेनी येथेंही समपंथीय मंडळ्या उभ्या राहिल्या. या पांचांचे प्रतिनिधि वेळोवेळीं एकत्र जमत. त्या बैठकींतील ठराव, लंडनच्या मंडळीशीं झालेला पत्रव्यवहार व सभासदांच्या याद्या हें या वहीचें मुख्य धन होय. पंथाच्या शिस्तीविषयीं माइल्स किती कडक होते तेंही त्यावरून दिसतें. प्रौढ वयांत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्ती मनुष्याबरोबर प्रभुभोजनास बसणें त्यांस मान्य नव्हतें. १६५६ मध्यें क्वेकर पंथाचें खंडन करणारें एक पुस्तकही त्यांनीं प्रसिद्ध केलें.

वही इंग्रजी भाषेंत आहे. वेल्समधील मंडळीची आद्य वही वेल्श भाषेंत नसावी याचें प्रथमदर्शनीं आश्चर्य वाटतें. पण गॉवरचा दक्षिण भाग पूर्वापार इंग्रजी बोलणारा, आणि मंडळीचा आश्रय लंडनचा. लेखनाची भाषा व लोकांची भाषा एकच असते असें आम्हीही कोठें गृहीत धरतों? बोलणें मराठी व फर्मान फारसी, असे कागद आमच्या रुमालांत थोडे का आहेत?

(३)

वही समकालीन आहे, म्हणून ती निःपक्षपाती आहे असें मात्र कोणीं समजूं नये. समकालीनत्व हा एक गुण आहे, तेवढ्यानें साक्षीदार सर्वज्ञ होत नाहीं. मीमांसकांनीं वेदवाक्यांतही विधि व अर्थवाद असा भेद केला आहे. कर्तव्य सांगणारें तें विधिवाक्य. त्या कर्तव्याची थोरवी गाणारा तो अर्थवाद. या वहीचे असेच दोन भाग करावे लागतात. याद्या व ठराव यांवर पुष्कळ भरंवसा ठेवतां येतो, कारण मंडळीचा रोजचा व्यवहार त्यांवर चालावयाचा होता. मंडळीच्या स्थापनेचें जें निवेदन आहे तें मात्र अर्थवादाच्या जातीचें. सर्व वेल्स देश धर्मदृष्ट्या अंधारांत होता, आणि शुद्ध मंडळी आपल्या ऐकिवांत तरी कोठें नव्हती, असा त्याचा आशय आहे. हें भक्तांचें आत्मनिवेदन होय. तें खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें देशाच्या धर्मस्थितीचें मोजमाप नव्हे.

शिवाय पत्रें आहेत तीं नकला आहेत, मूळ पत्रें नव्हेत. नकलकारानें कोणतें पत्र उतरलें व कोणतें सोडलें, याचा निवाडा वहीवरूनच होणें शक्य नाहीं.

तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. १६५० च्या फेब्रुवारींत पार्लमेंटनें वेल्समध्यें धर्मप्रसाराचा कायदा केला. त्याअन्वयें जुन्या धर्मगुरूंपैकीं पुष्कळांस दूर करण्यांत आलें, आणि नव्या उपदेशकांचें वेतन चर्चच्या जप्त उत्पन्नांतून देण्याची व्यवस्था झाली. नव्या उपदेशकांची पारख करण्यासाठीं जे गृहस्थ नेमले होते त्यांत माइल्स होते, व इल्स्टन गांवच्या जुन्या चर्चमधील उपदेशकाचें कामही त्यांजकडे होतें. म्हणजे कोणाच्याही सत्तेखालीं नसलेली ही स्वयंशासित मंडळी राजसत्तेच्या छत्राखालींच वाढली. पंथाभिमानी ग्रंथकार ही गोष्ट एका वाक्यांत उरकून पुढें जातात. तसें करणें रास्त नाहीं. तितकेंच अरास्त उलट बाजूचें अनुमान, कीं हे लोक केवळ सरकारी कृपेस्तव जमले होते. १६६० मध्यें राजा परत आला, कृपा संपली. १६६२ च्या कायद्यानें सर्व धर्मगुरूंवर एकच उपासनापद्धति बंधनकारक केली. त्या वेळीं माइल्स यांस मत सोडून स्थान राखण्याचा यत्न करतां आला असता. त्यांनीं देश सोडला, मत सोडलें नाहीं. मंडळीची वही आणि सरकारी दप्तर हीं दोन्ही समोरासमोर ठेविल्याशिवाय यांतलें खरें स्वरूप हातीं येत नाहीं.

(४)

आतां आख्यायिकांकडे वळूं. पहिली ओल्चनची. जोशुआ टॉमस (१७१९–१७९७) हे वेल्श बॅप्टिस्टांचे आद्य इतिहासकार. त्यांचा वेल्श भाषेंतील मोठा इतिहास १७७८ मध्यें छापला. परिश्रमी व सच्चा ग्रंथकार म्हणून त्यांची योग्यता मोठी आहे. खेडोपाडींच्या मंडळ्यांची माहिती त्यांनीं जमविली नसती तर पुष्कळ गोष्टी कायमच्या लोपल्या असत्या. त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, हेरफर्डशरच्या पश्चिम टोकास डोंगरांत असलेल्या ओल्चनच्या दरींत १६३३ च्या सुमारासच बॅप्टिस्ट जन होते. म्हणजे आद्यत्वाचा मान इल्स्टनचा नव्हे, ओल्चनचा. हें मत पुढें दीर्घकाळ आदरानें उद्धृत होत राहिलें. परंतु १६३३ चा म्हणतां येईल असा एकही समकालीन कागद त्याच्या पुष्ट्यर्थ पुढें आलेला नाहीं, आणि आधुनिक संशोधक तें स्वीकारीत नाहींत.

कागद नाहीं एवढ्यावरून वस्तुस्थिति नव्हती असें म्हणतां येईल काय? आमच्या शास्त्रकारांनीं येथें चांगला विवेक केला आहे. अंधारांत घट दिसला नाहीं म्हणून घटाचा अभाव सिद्ध होत नाहीं. परंतु लख्ख उजेडांत, समोरच्या मोकळ्या भूमीवर तो दिसला नाहीं, तर सिद्ध होतो. असता तर दिसलाच असता अशी योग्यता हवी. म्हणून या प्रमाणास योग्यानुपलब्धि म्हणतात. इल्स्टनच्या वहीस हा नियम लावून पाहावा. माइल्स हे दूरचे परके नव्हते. ओल्चन ज्या परगण्यांत आहे त्याच परगण्यांत ते जन्मले. हे-ऑन-वायची मंडळी १६५० मध्यें स्थापन झाली, ती ओल्चनपासून थोड्याच कोसांवर. असें असतां ओल्चन येथें सोळा वर्षांची जुनी बॅप्टिस्ट मंडळी असती, तर आपल्या परगण्यांतली मंडळी सोडून माइल्स लंडनच्या काचकारखान्यापर्यंत कशाला जाते? आणि आपल्या ऐकिवांत अशी मंडळी नाहीं असें त्यांच्या वहींत कां यावें? कोणी म्हणेल कीं, ओल्चनचे लोक शिस्तीनें ढिले असतील, म्हणून माइल्स यांनीं त्यांस मोजलें नसेल. हा आक्षेप आम्ही निर्मूल म्हणत नाहीं. पण मग त्या लोकांस 'पहिली बॅप्टिस्ट मंडळी' ही पदवी कोणत्या आधारें द्यावयाची, हें आक्षेपकानेंच सांगावें.

ओल्चनची कथा केवळ वही दूर असल्यामुळें उपजली असें आमचें मत नाहीं. जुन्या घराण्यांतील स्मृति, पूर्वजांच्या धर्मनिष्ठेचा अभिमान, आणि पंथ जितका जुना तितका खरा ही सर्व देशांत आढळणारी समजूत, हीं तिचीं मूळ कारणें दिसतात. परंतु वही सहज उघडून पाहतां येण्यासारखी असती, तर या कथेची पारख पुष्कळ लवकर झाली असती.

(५)

दुसरी आख्यायिका जागेची. इल्स्टनच्या ओढ्याच्या खोऱ्यांत एका मध्ययुगीन उपासनामंदिराचे भग्नावशेष आहेत. जवळच झरा आहे, त्यास 'ट्रिनिटी वेल' म्हणतात. माइल्स यांची मंडळी याच जागीं जमत असे, असें सांगतात. झाडींतले पडके मंदिर, वाहतें पाणी, आणि बाप्तिस्म्यास पाण्याची आवश्यकता. कथा मनास पटावयास आणखी काय पाहिजे? १९२८ मध्यें तेथें स्मारक उभारलें गेलें, आणि त्याचें अनावरण पूर्वींचे मुख्य प्रधान लॉइड जॉर्ज यांच्या हस्तें झालें.

परंतु विचार करावा. धर्मप्रसाराच्या कायद्यानंतर गांवचें धड, छप्पर असलेलें चर्च माइल्स यांच्या हातीं होतें. मग मंडळीनें पडक्या भिंतींत कां जमावें? १६४९ मधील पहिल्या कांहीं महिन्यांत, किंवा १६६० नंतरच्या अडचणीच्या दिवसांत, असें झालें असेल ही शक्यता उरते, तेवढीच उरते. स्मारक उभारणारांनीं एक प्रामाणिकपणा केला, त्याबद्दल त्यांस धन्यवाद दिले पाहिजेत: ही जागा मंडळीची होती हें 'परंपरेनें' सांगितलें जातें, असें शिलालेखांतच नमूद आहे. यात्रेकरू मात्र शिळा पाहतो, तो शब्द पाहत नाहीं. प्रतिवर्षीं परंपरा हा शब्द थोडा पुसट होतो, आणि शिळा तशीच राहते.

येथें आमचा मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. वही गांवांत नव्हती. गांवांत होते ते दगड. मनुष्यास पूर्वजांच्या स्मृतीस टेकण्यासाठीं कांहीं तरी दृश्य आधार लागतो. कागद नसला तर तो दगडास कागद करतो.

(६)

वही कशी गेली हेंही पाहिलें पाहिजे. माइल्स यांनीं ती बरोबर घेतली, आणि १६६३ मध्यें प्लिमथ वसाहतींतील रिहोबथ येथें सात जणांनीं नवी मंडळी स्थापन केली. १६६७ मध्यें परवानगीवांचून सभा भरविल्याबद्दल तेथील न्यायसभेनें माइल्स यांस पांच पौंड दंड केला. पण त्याच वर्षीं त्यांस निराळी वसाहत करण्यास मोकळीक मिळाली. तिला त्यांनीं आपल्या मायदेशच्या शहरावरून स्वॉन्सी असें नांव दिलें. १६७५ च्या जूनमध्यें मेटाकॉम याच्या नेतृत्वाखालीं तद्देशीयांचें वसाहतवाल्यांशीं जें युद्ध पेटलें त्याचा पहिला घाला याच स्वॉन्सीवर पडला, आणि माइल्स यांचें घर गढीसारखें लढविलें गेलें. अशा धामधुमींतून वही वांचली. माइल्स १६८३ मध्यें निवर्तले. पुढें अमेरिकन बॅप्टिस्टांचे इतिहासकार आयझॅक बॅकस यांनीं १७७७ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत या वहीचा उपयोग केला. मौजेची गोष्ट ही कीं, वेल्समध्यें इतके कडक असलेले माइल्स अमेरिकेंत पुष्कळ सौम्य झाले. बाप्तिस्म्याविषयीं भिन्नमत असणारांसही नव्या मंडळींत थारा मिळाला. वही तीच, हात तेच. पण देश बदलला तशी मंडळी बदलली. जुनी वही पाहून नव्या मंडळीचें वर्तन ठरविणारा फसेल.

मग वही नेली हें चुकलें काय? आम्ही तसें म्हणणार नाहीं. १६६२ नंतरच्या छळाच्या काळांत ती वेल्समध्यें टिकली असती याची हमी कोण देईल? ज्यांचा धर्म राखावयाचा त्यांनींच ती नेली. विकत घेणारानें नव्हे. नेली म्हणून ती वांचली हेंही खरें, आणि नेली म्हणून गांवीं आख्यायिकेस रान मोकळें मिळालें हेंही खरें. उणें पडलें तें एवढेंच कीं, मागें नक्कल राहिली नाहीं. एकच प्रत एकाच जागीं ठेवण्यांत दुसरा धोका असतो, तोही बॅप्टिस्टांच्याच इतिहासांत नमूद आहे: ११ मार्च १८१२ रोजीं सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली, तींत ठशांबरोबर केरी यांच्या अनेक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें जळून गेलीं. वही फिरली तरी भय, स्थिर राहिली तरी भय. निर्भय अशी एकच वस्तु, ती म्हणजे दुसरी प्रत.

हें सर्व आम्ही परदेशच्या कौतुकासाठीं लिहीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील भजनी मंडळीची जुनी वही पाहण्यासाठीं आम्ही गेलों होतों. फड कोणी उभा केला, वारीस कोण कोण गेले, कोणी किती शिधा दिला, हें त्या वहींत लिहिलेलें असे, असें वृद्धांनीं सांगितलें. वही कोठें आहे म्हणून विचारतां, "एक संशोधक आले होते, ते घेऊन गेले, पाहून परत देतों म्हणाले," असें उत्तर मिळालें. ते गृहस्थ कोण, कोठले, हें कोणास आठवत नव्हतें. मग मंडळीच्या मूळ पुरुषाची हकीकत विचारली. ती मात्र सर्वांस पाठ होती. खुद्द तुकोबांनीं त्यास वीणा दिली, असें एका तरुणानें निःशंकपणें सांगितलें, आणि बाजूस बसलेला म्हातारा खालीं मान घालून म्हणाला, "वहींत तसें नव्हतें." वहींत काय होतें हें त्यासही आतां सांगतां येईना.

त्या म्हाताऱ्याचें वाक्य आमच्या मनांतून गेलेलें नाहीं. सनदा व फर्मानें मिळावीं म्हणून आपण जिवाचें रान करतों. मंडळीची, फडाची, गांवकीची वही हातीं आली तर तिला गौण समजतों, आणि तरीही ती उचलून मात्र आणतों. मल्लिनाथानें मुळास सोडून कांहीं लिहिणार नाहीं अशी प्रतिज्ञा केली, ती आपण सर्व आदरानें मिरवितों. पण मूळ ज्या भूमींतून उपटलें त्या भूमीचें काय, हा प्रश्न त्या प्रतिज्ञेच्या पोटींच आहे. आतां छायाचित्रें घेणें सुलभ झालें आहे. नक्कल करण्यास महिने लागतात ही सबब उरली नाहीं. यापुढें कोणत्याही खेड्यांतून वही हलविण्यापूर्वीं तिची पूर्ण प्रत त्या गांवीं ठेवावी. वहीच्या वेष्टनावर गांवाचें, देणाराचें व नेणाराचें नांव तिथीसह लिहावें. आणि त्याच दिवशीं गांवांत जी मौखिक हकीकत चालू असेल ती निराळ्या कागदावर, मौखिक म्हणूनच, उतरून घ्यावी. एवढें केलें तर आख्यायिका मरणार नाहीं, मरावी अशी आमची इच्छाही नाहीं. ती आख्यायिका म्हणून राहील, आणि तिच्या शेजारीं "वहींत तसें नव्हतें" म्हणणारास वही उघडून दाखवितां येईल.